बसलात की थंडी गाठते



आत येताना पाहिलं, पहिल्या तीन रांगांत मिळून चार माकडटोप्या आहेत. बाहेर १७ अंश तापमान आहे. हसू नका, मीही घरून निघताना स्वेटर घातला होता. निवृत्तीनंतर बंगळुरूत राहिलं की माणूस असाच होतो. या शहरात आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.८ अंश, तेही १३ जानेवारी १८८४ ला. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात एकदा इथे खरी थंडी पडली, त्यानंतर नाही.

तर अशा गावातला बारा जणांचा एक गट फेब्रुवारीत लडाखला चालला आहे, हिमबिबट्या बघायला. त्यांच्यापैकी एकाने मला फोन केला. म्हणाला, "सर, तुम्ही इतकी वर्षं बर्फात काढलीत, थंडीत काय घालायचं यावर जरा बोला ना." मी त्याला एकच प्रश्न विचारला, "रोज चालणार किती आणि बसणार किती?" तो म्हणाला, "चालणं दीड-दोन तास. बाकी दिवसभर दुर्बीण लावून बसायचं." मी म्हटलं, मग येतो.

कारण थंडीत चालणाऱ्या माणसाची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती बसणाऱ्याची.

माझे आजोबा खानापूरकडचे. त्यांच्या तरुणपणी शिकार चालायची. रात्रभर मचाणावर कसं बसायचं याच्या गोष्टी ते सांगायचे. खोकायचं नाही, विडी ओढायची नाही, पाय हलवायचा नाही. लडाखमध्येही ब्रिटिश अधिकारी रजा काढून आयबेक्सच्या शिकारीला जायचे. पुढे वन्यजीव कायदे आले, ते सगळं बंद झालं आणि बरंच झालं. पण दबा धरून बसणं काही संपलं नाही. शिकारी बसायचा, कॅमेरावाला बसतो, आणि आम्ही फौजी घात लावून बसायचो. तिघांचंही दुखणं एकच. हलायचं नाही, आणि हलायचं नाही म्हणून गारठायचं.

आधी थोडा हिशेब सांगतो. फार शास्त्र नाही, घाबरू नका.

शांत बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं. जुना पिवळा बल्ब आठवतो ना, तेवढीच. तोच माणूस पाठीवर ओझं घेऊन चढ चढायला लागला की हा आकडा ५०० च्या वर जातो. म्हणजे चढताना तुमच्या अंगात पाच बल्ब पेटलेले असतात, आणि जागेवर पोचून बसलात की चार विझतात. कपडे मात्र तेच. पाच बल्बांसाठी पुरेसे कपडे एका बल्बाला पुरणार नाहीत, आणि एका बल्बासाठी घातलेले कपडे पाच बल्ब पेटले की तुम्हाला घामाने भिजवणार.

आता घामाचा हिशेब. एक लिटर घाम अंगावरच्या कपड्यांतून वाळायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. बसलेलं शरीर तासाला साधारण ३६० किलोज्यूल तयार करतं. भागाकार करा. पावणेसात तास येतात. जवळजवळ सात तासांची सगळी कमाई एक लिटर घाम वाळवण्यात जाते. अर्धा लिटर घाम आला असेल तरी सव्वातीन तास गेले. शिवाय ओल्या कपड्यातून उष्णता निसटते ती वेगळीच, कारण पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं.

हा भागाकार मला कुणी वेळेवर शिकवला नव्हता असं म्हणता येत नाही. शिकवला होता. मी ऐकला नाही. ती गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

डिसेंबर १९९१. उत्तर काश्मीर. मी कॅप्टन होतो, तिशीचा, आणि आपल्याला सगळं कळतं अशा वयाचा. नियंत्रण रेषेजवळच्या एका नाल्यातून त्या रात्री टोळी येणार अशी खबर होती. उंची साधारण साडेतीन हजार मीटर. आम्ही दहा जण घात लावायला निघालो. खबर उशिरा आली होती, म्हणून अंधार पडायच्या आत जागा गाठायची घाई होती. तीन तासांची चढण मी दोन तासांत करायला लावली.

सगळ्यांच्या अंगात अंगोला शर्ट, जर्सी, वरून कोट पारका. अर्ध्या वाटेवर आमचे सुभेदार साहेब जवळ आले. वीस वर्षं नोकरी झालेला माणूस. हळूच म्हणाले, "साहेब, पोरं घामेजल्यात. दोन मिंटं थांबू. कोट काढून पाठीवर बांधू द्या. वर गेल्यावर घालतील."

मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "वर गेल्यावर बघू."

वर गेलो. अंधार पडला. बसलो. कोट काढायचा प्रश्नच नव्हता, आणि आतलं सगळं ओलं. पहिला अर्धा तास छान वाटलं. अंग तापलेलं होतं. मग घाम गार व्हायला लागला. वारा सुटला. हलायचं नाही, बोलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. अकरा वाजता दातावर दात वाजायला लागले. माझ्या शेजारी एक नाईक होता, सातारा जिल्ह्यातला, पंचविशीचा, पलटणीच्या कबड्डी संघातला चढाईपटू. एक वाजता मी त्याला खुणेने विचारलं, ठीक? त्याने अंगठा दाखवला. तीन वाजता विचारलं, पुन्हा अंगठा.

टोळी आली नाही. पहाटे उठायला सांगितलं तेव्हा तो उठला आणि पडला. म्हणाला, "साहेब, पाय हाय का न्हाई तेच कळंना."

तळावर आणून बूट कापून काढला. उजव्या पायाची तीन बोटं मेणासारखी पांढरी आणि लाकडासारखी कडक. पुढे इस्पितळात डॉक्टरांनी घाई केली नाही. हिमदंशात मेलेला भाग आणि जिवंत भाग यांची हद्द स्पष्ट दिसायला काही आठवडे जातात, तोवर थांबतात. थांबले. शेवटी तीन बोटांची टोकं गेली.

मी त्याला भेटायला गेलो तेव्हा विचारलं, "एक वाजता पाय दुखत होता का?" म्हणाला, "व्हय साहेब, लई." "आणि तीन वाजता?" "तीन वाजता दुखायचं थांबलं व्हतं. मला वाटलं बरं झालं." "मग सांगितलं का नाहीस?" तर तो म्हणाला, "तुमी बी काय बोलत नव्हता."

हे वाक्य मी तेहतीस-चौतीस वर्षं बरोबर घेऊन हिंडतो आहे. माझेही पाय बधिर झाले होते. मी बोललो असतो तर तोही बोलला असता. शत्रूची गोळी लागली असती तर मी रडलो असतो आणि विसरलोही असतो. इथे गोळी नव्हती. एक घाई आणि दोन मिनिटांची बचत.

आता कामाचं सांगतो. ज्या क्रमाने तुमचा दिवस जाईल त्याच क्रमाने.

निघताना थोडं गारठूनच निघा. हॉटेलच्या दारात उबदार वाटत असेल तर तुम्ही जास्त कपडे घातलेत. पहिली दहा मिनिटं थंडी वाजली पाहिजे. अंगाला चिकटून लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर्मल, त्यावर पातळ फ्लीस, वारा असेल तर वरून वारा अडवणारं जॅकेट. बास. पिसांचं जाड जॅकेट पिशवीत. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स बंगळुरूतच ठेवा. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि थंडीत वाळत नाही.

चालताना घाम यायला लागला तर वेग कमी करा किंवा एक थर काढा. गटातला सर्वांत वयस्कर माणूस ज्या चालीने बोलत बोलत चढू शकतो, तीच गटाची चाल. चार हजार मीटरच्या आसपास तशीही घाई परवडत नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे. विमानाने उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस तिथेच काढायचे, विश्रांती घ्यायची, मगच वर. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि तरी वर चाललोय, हा शूरपणा नाही.

जागेवर पोचलात की पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं ते पाठ करा. कॅमेरा काढायचा नाही. आधी ओला थर्मल बदलायचा, नाहीतर निदान पाठीवरचा घाम टिपायचा. हो, गारठ्यात शर्ट काढायचा. एक मिनिट हुडहुडी भरेल, नंतरचे सहा तास सुखाचे जातील. मग सगळे थर, आणि वरून पिसांचं मोठं जॅकेट. अंग गरम आहे तेव्हाच घाला. जॅकेट उष्णता तयार करत नाही, असलेली राखतं. थंडी वाजायला लागल्यावर घातलं तर ते तुमची थंडीच राखत बसेल.

मग बसायचं कशावर? लोक हजारो रुपयांचं जॅकेट घेतात आणि दगडावर बसतात. बुडाखाली पिसं असली तरी वजनाने दबतात, हवा निघून जाते, ऊब राहत नाही. त्यासाठी दबत नाही असा फोमचा तुकडा हवा. योगासनांची जुनी मॅट कापून दोन तुकडे करा. एक बसायला, एक पायाखाली. पायाखालचा विसरू नका. बर्फावर बूट टेकवून सहा तास बसणं म्हणजे फ्रीजमध्ये पाय ठेवून टीव्ही बघणं.

बूट एक नंबर मोठे. इथे दुकानात जाताना ज्या दोन मोज्यांवर घालणार तेच मोजे घेऊन जा. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. थंडी वाजते म्हणून तिसरा मोजा कोंबला तर रक्त पोचणार नाही, आणि रक्त हीच पायाची शेगडी आहे. माझ्या नाईकाचे बूट घट्ट होते. तेही मी तपासलं नव्हतं.

हातांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा मिटन बरे, म्हणजे ज्यात चार बोटं एकत्र राहतात. आत पातळ हातमोजे घाला, म्हणजे कॅमेरा हाताळताना उघड्या बोटांनी धातूला हात लागणार नाही. तिवईचे पाय धातूचे असतील तर त्यांना घरूनच फोम गुंडाळून न्या.

वाऱ्याला पाठ द्या. उणे १० अंशात ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २१ सारखं लागतं. दगडाच्या आडोशाला दहा फूट सरकलात तर दहा अंश कमावलेत.

आणि बसल्याबसल्या हलत राहा. हिमबिबट्याला हात हललेला दिसतो, बुटातली बोटं हललेली दिसत नाहीत. दर दहा मिनिटांनी बोटं वीस वेळा आवळा आणि सोडा. मांड्या, पोट, नितंब आवळून धरा आणि सोडा. एका बल्बाचा दीड बल्ब होतो.

खाणं. बसलेल्या शरीराला सरपण लागतं. आपलं काम सोपं आहे. तीळ, गूळ, शेंगदाणे, तूप घातलेला लाडू. संक्रांत थंडीत येते आणि तिळगूळ संक्रांतीत येतो, यात आपल्या पूर्वजांचा हिशेब आहेच. खिशात अशा ठिकाणी ठेवा की मिटन न काढता काढता येईल. लाडू गोठून दगड झाला असेल तर दात पडेल, म्हणून आतल्या खिशात.

पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही आणि लघवीला जास्त होते. रात्री तंबूबाहेर जावं लागेल म्हणून पाणी न पिणारे लोक मी पाहिलेत. शरीर सुकलं की रक्त दाटतं, बोटांना पोचत नाही. थर्मासमध्ये गरम पाणी, आणि साधी बाटली असेल तर पिशवीत उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, मग बुचाची बाजू मोकळी राहते.

आता तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. रम. फौजी म्हटला की रम, हे मला ठाऊक आहे. दारू प्यायल्यावर कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त बाहेर येतं, अंग तापल्यासारखं वाटतं. वाटतं तेवढंच. ती ऊब आतल्या हृदया-फुप्फुसांची होती, ती तुम्ही वाऱ्याला वाटून टाकलीत. आम्हीही प्यायचो. काम संपल्यावर, चार भिंतींच्या आत, जेवणाआधी. घातीला जाताना नाही.

चार भिंतींवरून आठवलं. होमस्टेमध्ये बुखारी असेल. झोपताना ती विझली आहे की नाही ते बघा आणि खिडकीची फट उघडी ठेवा. बंद खोलीत जळणाऱ्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला वास नसतो, झोपेत कळत नाही. थंडीने मरायचे वाचले आणि शेगडीने गेले, असं होऊ देऊ नका.

आता धोक्याच्या खुणा. पायाची बोटं दुखतायत, ही चांगली बातमी आहे. दुखायची थांबली आणि ऊब आली नाही, ही वाईट बातमी. तेव्हाच उठायचं. बिबट्या समोर असला तरी उठायचं. नाकाचा शेंडा, गाल, कान यांवर पांढरा ठिपका आला तर तो स्वतःला दिसत नाही, म्हणून जोड्या करा. आमच्याकडे याला बडी म्हणतात. दर अर्ध्या तासाने बडीचं तोंड बघायचं.

गोठलेला भाग चोळायचा नाही. बर्फाने तर मुळीच नाही. शेकोटीवर धरायचा नाही, बधिर बोट भाजलेलं कळत नाही. नुसता पांढरा पडला असेल तर बगलेत धरा. खरंच कडक झाला असेल तर खाली नेऊन ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवायचा, म्हणजे बाळाच्या आंघोळीइतक्या कोमट, आणि डॉक्टर गाठायचा. पण पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवायचा नाही. वितळून पुन्हा गोठलेलं बोट वाचणं फार कठीण.

सगळं शरीरच गारठायला लागलं, आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं, की माणूस आधी चिडतो, मग अडखळतो, मग त्याच्या हातून वस्तू पडतात, मग बोबडं बोलतो. तुमच्यातला नेहमी हसणारा माणूस अचानक गप्प बसला तर त्याच्याकडे जा. "मी ठीक आहे" हे उत्तर स्वीकारू नका. त्याला कॅमेऱ्याची चेन लावायला सांगा. लावता आली नाही तर मोहीम संपली. कोरडे कपडे, आडोसा, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पाणी, आणि खाली.

कॅमेऱ्याचं एवढंच की बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा. आणि खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, म्हणजे दव पिशवीवर बसेल, लेन्सवर नाही.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. "सर, एवढं करून बिबट्या दिसेल का?" २०२४ च्या जानेवारीत देशभरातल्या गणनेचा अहवाल आला. भारतात ७१८ हिमबिबटे, त्यातले ४७७ लडाखमध्ये. म्हणजे जागा बरोबर निवडलीत. बाकी नशीब. दिसला तर त्याच्याकडे नीट बघा. कान आखूड, पंजे केसाळ, आणि बसला की लांबलचक शेपटी नाकातोंडाभोवती गुंडाळून घेतो. त्याला आपल्यासारखी भाषणं ऐकावी लागत नाहीत.

तिथे तुमच्याबरोबर गावातला वाटाड्या असेल. त्याच्या भाषेत बिबट्याला शान म्हणतात. याच लोकांच्या मेंढ्या हे प्राणी उचलतात. लांडग्यांसाठी तिथे दगडी सापळे बांधायची रीत होती. अलीकडे काही गावांनी ते आपणहून मोडले आणि जवळ स्तूप बांधले. त्या माणसाने "चला, आता खाली" म्हटलं की उठायचं. एक फोटो राहिला म्हणून त्याला थांबवायचं नाही. मी एका सुभेदार साहेबांना थांबवलं होतं.

दुसरी चिठ्ठी. "त्या नाईकाचं पुढे काय झालं?"

तो हवालदार होऊन निवृत्त झाला. गावात ऊस आहे, दोन नातवंडं आहेत. कबड्डी त्यानंतर नाही खेळला. दर संक्रांतीला मी फोन करतो. मागच्या वर्षी मी त्याला म्हटलं की मी लोकांना तुझी गोष्ट सांगतो, चालेल ना? तो म्हणाला, "सांगा की साहेब. पर असं बी सांगा, की पाय बधिर झाला तर साहेबाच्या आधी आपण बोलायचं." त्याचं म्हणणं मी तुमच्यापर्यंत पोचवलं.

निघायच्या आधी बारा जणांनी जोड्या ठरवा. आत्ता, चहा पिताना. बुटांचा नंबर घरी गेल्यावर बघा.

जय हिंद.